दहा किलोनंतरचा रस्ता

1961 सालची गोष्ट. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहणारी जीन निडेच ही गृहिणी सुपरमार्केटमध्ये खरेदी करत होती. ओळखीतली एक बाई भेटली, छान दिसतेस म्हणाली आणि बाळंतपणाची तारीख कधीची आहे असं विचारून बसली. जीनला दिवस गेलेले नव्हते. तिचं वजन 214 पौंड, म्हणजे सुमारे 97 किलो होतं. तो प्रश्न इतका जिव्हारी लागला की तिने शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणावरच्या दवाखान्यात नाव घातलं. काय खायचं आणि किती, याचा कागद हातात मिळाला. दहा आठवड्यांत 20 पौंड उतरले.

आणि मग गाडी अडली. जीनने बाथरूममध्ये, मळक्या कपड्यांच्या टोपलीत चॉकलेटची बिस्किटं लपवून ठेवली होती आणि ती चोरून खात होती. दवाखान्यात दर आठवड्याला वजन व्हायचं, पण ही गोष्ट सांगावी असं तिथे कुणी नव्हतं. शेवटी तिने वजनाने गांजलेल्या सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि बिस्किटांचं सगळं सांगून टाकलं. मैत्रिणींनीही आपापल्या लपवायच्या जागा सांगितल्या. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या, येताना आणखी जणींना घेऊन आल्या. ऑक्टोबर 1962 मध्ये जीन 142 पौंडांवर, म्हणजे 64 किलोंच्या आसपास पोचली. 1963 मध्ये 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. 2015 मध्ये जीन गेली तेव्हा तिचं वय 91 होतं आणि उतरलेलं वजन तिने पुढची कित्येक दशकं परत चढू दिलं नव्हतं.

कंपनीच्या यशापेक्षा मला तो दहावा आठवडा महत्त्वाचा वाटतो. अपमानाने जीनला दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं, पण त्याचा जोर वीस पौंडांतच संपला. पुढचे पन्नास पौंड उतरले ते दिवाणखान्यात जमणाऱ्या त्या बायकांमुळे.

तीस-चाळीस किलो वजन उतरवायचं असतं तेव्हा सुरुवात करणं तितकं अवघड नसतं. निमित्त कुठूनही मिळतं: रक्ततपासणीचा रिपोर्ट, भाचीचं लग्न, रात्रभर ठणकणारा गुडघा, एखादा टोमणा. पहिल्या काही आठवड्यांत काटा भराभर खाली येतो, कारण शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरतं आणि त्या साखरेबरोबर धरून ठेवलेलं पाणीही बाहेर पडतं. ब्लाउज सैल होतात, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं. 'काय करतेस गं?' असं चार जण विचारतात. मग एके दिवशी काटा थांबतो आणि महिनाभर हलत नाही. लोकांना नव्या रूपाची सवय होते, कौतुक आटतं. पुढे वीस-पंचवीस किलो अजून बाकी असतात. या लेखाचा विषय ते महिने आहेत. त्या काळात माणसाला घर, सोबती आणि दिवसाची बसलेली घडी तारून नेते, असं माझं ठाम मत आहे. मनाचं बळ लागतंच. पण ते थोडं असतं, आणि रोज ताटाशी झुंजण्यात ते संपवण्यापेक्षा झुंजावंच लागू नये अशी घडी बसवण्यात घालावं.

❖

काटा थांबला आणि वजन परत चढू लागलं की आपल्याकडे एकच निदान होतं: मन कच्चं. गेल्या ऐंशी वर्षांतलं संशोधन या निदानाच्या विरोधात उभं आहे.

नोव्हेंबर 1944 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धात माणसं मारणार नाही अशी भूमिका घेऊन हे तरुण सरकारसमोर उभे राहिले होते. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे कळावं म्हणून त्यांनी स्वतःहून अर्धपोटी राहणं पत्करलं. सहा महिन्यांत त्यांचं वजन साधारण चतुर्थांशाने उतरलं. तत्त्वासाठी जनमताचा रोष पत्करणाऱ्या या खंबीर माणसांचं काय झालं? त्यांना जेवणाशिवाय दुसरं सुचेना. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली. ते ताटल्या चाटून पुसून स्वच्छ करायचे. पुन्हा हवं तितकं जेवायला मिळू लागल्यावर पोट टम्म भरूनही काहींची भूक महिनोन्महिने शमली नाही. हे तरुण मुळात सडपातळ होते हे खरं, पण वजन उतरलं की शरीर आणि मन कसं वागतं याचं इतकं बारकाईने केलेलं वर्णन आधी कुठे नव्हतं.

या वागण्यामागची यंत्रणा नंतर उलगडली. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूला लेप्टिनचं जनुक सापडलं. चरबीच्या पेशी लेप्टिन हे संप्रेरक सोडतात आणि शिल्लक किती आहे हे मेंदूला कळवतात. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पोटातून निघणारं, भूक चेतवणारं घ्रेलिन शोधलं. 2011 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांवर ठेवलं. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. वर्षभराने तपासलं तेव्हाही त्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं मूळ जागी आलेली नव्हती. माणसं खरोखर जास्त भुकेली होती.

अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीर रोज वीस ते तीस कॅलरी कमी जाळू लागतं, तर भूक मात्र रोज शंभरेक कॅलरींनी वाढते. म्हणजे दहा किलो उतरवलेल्या माणसाचा रोजचा खर्च दोन-तीनशे कॅलरींनी घटलेला असतो आणि त्याची भूक त्याला पूर्वीपेक्षा हजार कॅलरी जास्त मागत असते. तो आधीइतक्याच निष्ठेने वागतो आहे, पण चढ वाढलेला आहे. अशा माणसाला 'आता ढिला पडलास' म्हणणं हा अन्याय आहे. लाज वाटून माणूस जेवण लपवायला शिकतो, आणि लपवलं की मदतीचा रस्ता बंद होतो. मिठाईच्या डब्यामागे दडवलेला फरसाणाचा पुडा मराठी स्वयंपाकघरातही असतो.

❖

आता आपल्या घरात येऊ, कारण आपल्याकडे हा सगळा खेळ स्वयंपाकघरातच जिंकला किंवा हरला जातो.

मराठी घरात जेवण वाढण्याला आग्रहाची जोड आहे. पंगतीत जिलबी घेऊन फिरणाऱ्या काकांना पहिला नकार ऐकू येत नाही, दुसरा नकार लाजेपोटी असतो अशी त्यांची खात्री असते, आणि तिसऱ्याला 'माझ्या हातची एक घे' असं उत्तर असतं. यात खरं प्रेम असतं आणि म्हणूनच नाही म्हणणं कठीण जातं. नकार दिला की वाढणारा दुखावतो, आणि एका जिलबीपायी काकांना दुखवायला कुणाला आवडेल? ज्याला तीस किलो उतरवायचे आहेत त्याला वर्षातली पंधरा-वीस लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, वास्तुशांती आणि वर प्रत्येकाच्या वाढदिवसाचा केक असा हा रस्ता चालायचा असतो.

बाईसाठी तो आणखी चढाचा असतो. ती सगळ्यांसाठी रांधते, चव बघते, मुलांना भरवते आणि शेवटी जेवायला बसते. मग भांड्यात उरलेली मूठभर भाजी, मुलाने अर्धी टाकलेली पोळी, तळाशी राहिलेला भात तिच्या ताटात येतो. अन्न वाया जाऊ द्यायचं नाही हे तिच्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं. या घासांची मोजदाद कुठल्याही आहारतक्त्यात होत नाही. डॉक्टर 'काय खाता?' विचारतात तेव्हा ती प्रामाणिकपणे दोन पोळ्या आणि वाटीभर भात सांगते, कारण ताटात तिने तेवढंच वाढून घेतलेलं असतं. माझ्या मते अशा घरात सर्वांत उपयोगी बदल म्हणजे तिने पहिल्या पंगतीला बसणं. सगळ्यांबरोबर, आपलं ताट आपण वाढून घेऊन, गरम जेवणं. उरलेलं डब्यात भरून फ्रिजमध्ये जाईल किंवा दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी होईल. ऐकायला ही लहान गोष्ट वाटते, पण त्यासाठी सासूबाई, नवरा आणि मुलं अशी सगळी घडी हलवावी लागते. म्हणून वजन कमी करण्याच्या सल्ल्यात ती क्वचितच सापडते.

दुसरी गोष्ट वेगळ्या जेवणाची. घरात सगळ्यांना वांग्याचं भरीत, भाकरी आणि एकटीला उकडलेल्या भाज्यांचं सूप, ही व्यवस्था फार तर महिनाभर चालते. एकाच घरात दोन चुली मांडल्यासारखं होतं, आणि रांधणारी बाईच ती असेल तर तिच्यावर दुप्पट काम पडतं. जे टिकतं ते घरचंच जेवण असतं, फक्त प्रमाण बदललेलं: आधी वाटीभर कोशिंबीर, उसळ किंवा आमटी भरपूर, ज्वारीची एक भाकरी, भात थोडका, तेलाची फोडणी सगळ्यांसाठीच निम्मी. मटकी, हरभरा, ताक, पिठलं, मेथी यांत कमी पडण्यासारखं काही नाही. मांसाहार करणाऱ्यांना मासे आणि अंडी आहेत. प्रथिनं आणि चोथा असलेलं जेवण पोटात जास्त वेळ राहतं, आणि वाढलेल्या भुकेशी वागायचं असेल तर त्याचा मोठा आधार होतो.

पुरुषांचं बिनसतं ते बहुतेक घराबाहेर: स्टेशनबाहेरचा वडापाव, ऑफिसातला चार वाजताचा चहा आणि त्याबरोबरची बिस्किटं, शनिवारची बैठक आणि चखणा. मित्रांच्या टोळक्यात 'आज एक दिवसाने काय होतंय' हे वाक्य दर आठवड्याला बोललं जातं. टोळक्यातला एक जण जरी बाजूने उभा राहिला तरी फरक पडतो.

वजन उतरू लागल्यावर एक नवंच संकट येतं, आणि त्याची कल्पना आधी कुणी देत नाही. 'चेहरा किती उतरलाय तुझा', 'बरं नाही का?', 'शुगर निघाली की काय?' आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या अंगाने भरणं हे सुखाचं लक्षण मानलं गेलं आणि बारीक होणं आजाराचं. मावशीच्या या काळजीने कित्येक जणींचे सहा महिने पाण्यात जातात. (वजन काहीच न करता उतरत असेल तर मात्र मावशीचं ऐकून डॉक्टरांकडे जावं.) घरच्यांना माझी विनंती आहे की वजनाविषयी चांगलं-वाईट काहीच बोलू नका. तिच्या संध्याकाळच्या फिरण्याच्या वेळी कुकर तुम्ही लावा. ती मदत कौतुकापेक्षा जास्त दिवस पुरते.

आणि दिवाळीच्या फराळाचंही सांगते. फराळ टाळणारी माणसं डिसेंबरपर्यंत टिकतात असं मी पाहिलेलं नाही. पाडव्याच्या सकाळी सगळ्यांबरोबर बसून बशीभर फराळ आनंदाने खावा. त्रास होतो तो पुढचे तीन आठवडे ओट्यावर हाताशी राहिलेल्या शंकरपाळ्यांच्या डब्याचा. तो डबा माळ्यावर जावा, नाहीतर निम्मा शेजारी आणि कामाला येणाऱ्या ताईंच्या घरी जावा.

❖

जीन निडेचच्या दिवाणखान्याची आठवण व्हावी असं काहीतरी महाराष्ट्रात 2018 च्या सुमाराला घडलं. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मांडलेली पद्धत घराघरांत पोचली. कडक भूक लागेल त्या दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा, आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे दीक्षित नेहमी आवर्जून सांगतात. सभागृहं भरली, व्हॉट्सअ‍ॅपचे गट निघाले, स्वयंसेवक लोकांच्या शंकांना उत्तरं देऊ लागले. त्याच वेळी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं वेगळं म्हणणं होतं, थोड्या थोड्या वेळाने, स्थानिक, घरचं, तूप-भातासकट खाण्याचं. त्यावरून वर्तमानपत्रांत, टीव्हीवर आणि लग्नाच्या मांडवात वाद झडले.

त्या वादात दोन्ही बाजूंनी जो आवेश होता तो मला वाया गेल्यासारखा वाटतो. 2005 मध्ये बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाशी संलग्न संशोधकांनी 160 जणांना एकमेकांपासून अगदी भिन्न अशा चार आहारपद्धतींत विभागून वर्षभर पाहिलं. वर्षाअखेरीला चारही गटांचं सरासरी उतरलेलं वजन जवळपास सारखंच भरलं. फरक पडला तो कोण किती नेटाने पाळतो यामुळे. म्हणजे खरा प्रश्न असा होता की दोन वेळा जेवणारी सूनबाई किंवा दर तीन तासांनी खाणारे भाऊजी तिसऱ्या वर्षीही तसंच जेवत असतील का. तो प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

दीक्षितांची पद्धत लोकांनी का उचलली हे मात्र समजून घेण्याजोगं आहे. ती एका दमात सांगता येते. वेगळा स्वयंपाक नाही, पावडरचे डबे नाहीत, मोजमाप नाही, खर्च नाही. 'माझी जेवणाची वेळ झाली' आणि 'आता माझं झालं' ही दोन वाक्यं आग्रहासमोर उभी राहू शकतात, कारण उपास पाळणाऱ्या समाजाला नेमाचा मान ठेवायची सवय आहे. 'मी डाएटवर आहे' म्हणणाऱ्याला जिलबी वाढली जाते, पण 'माझा नेम आहे' म्हणणाऱ्याला सहसा कुणी वाढत नाही. आणि गटात आपल्यासारखेच लोक असतात, त्यांना पोटातली खळबळ समजावून सांगावी लागत नाही. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत. साखर एकदम उतरून जीव धोक्यात येऊ शकतो. त्यांनी आधी डॉक्टरांकडून गोळ्यांचं प्रमाण ठरवून घ्यावं.

पहाटे कुठल्याही मैदानावर जा, पुण्यात सारसबागेच्या बाजूला, कोल्हापुरात रंकाळ्यावर, दादरला शिवाजी पार्कात. पन्नाशीच्या बायकांचे तीन-चार जणींचे घोळके भराभर चालत असतात, सुना-नातवंडांच्या गप्पा चालू असतात. त्यांतली प्रत्येक जण कोपऱ्यावर दुसरी थांबलेली असते म्हणून अंथरुणातून उठते. पावसाळ्यात आणि जानेवारीच्या थंडीत मनाला विचारून कुणी उठत नाही. ज्यांना मोठं वजन उतरवायचं आहे त्यांना माझा पहिला सल्ला महागड्या जिमच्या पावतीचा नसतो. कोपऱ्यावर थांबणारी एक व्यक्ती शोधा.

❖

उतरलेलं वजन पुरेसं वाटण्याचाही एक प्रश्न आहे. 1997 मध्ये अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी साठ स्थूल स्त्रियांना उपचाराआधी विचारलं की किती उतरलं तर समाधान वाटेल. त्यांनी सरासरी एक तृतीयांशाच्या जवळ, 32 टक्के वजन उतरवायचं ठरवलं होतं. 25 किलो उतरले तर चालवून घेऊ, 17 किलो म्हणजे निराशाच, असं त्यांचं म्हणणं होतं. जवळपास वर्षभराच्या उपचारानंतर सरासरी 16 किलो उतरले. सोळा किलो! एवढं ओझं अंगावरून उतरलं होतं, आणि निम्म्याच्या आसपास बायकांना ते निराशेच्याही खाली वाटलं. अशा ठिकाणी माणूस सोडून देतो. कामगिरी कमी पडलेली नसते. मापच चुकीचं धरलेलं असतं.

माप कुठलं धरावं? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं एवढं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्याने मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. ब्रिटनमध्ये मधुमेह जडून सहा वर्षांच्या आतल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात 15 किलो किंवा त्याहून जास्त उतरवलेल्यांपैकी 86 टक्के लोकांची साखर वर्षअखेरीला औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली राहिली. आपल्यासाठी हे आकडे जास्त महत्त्वाचे आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचं एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा उंचीनुसार वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपण बारीक दिसतानाही आतून चरबी बाळगून असतो, ती पोटाभोवती साठते, म्हणून आपल्याकडे पुरुषांच्या कमरेची धोक्याची रेषा 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांची 80 धरतात. त्यामुळे काटा अडलेला असताना शिंप्याची टेप काढावी. कमरेचा घेर काही वेळा त्याही महिन्यात उतरत असतो.

आणि काही मापं काट्यावर किंवा टेपवर येतच नाहीत. मांडी घालून जेवायला बसता येणं. दादरच्या पुलाचा जिना न थांबता चढणं. बुटाची नाडी स्वतः बांधणं. रक्तदाबाची एक गोळी कमी होणं. रात्री नवऱ्याची झोप न मोडणं, कारण घोरणं थांबलेलं आहे. यांतली जी जी गोष्ट जमली ती वहीत तारीख घालून लिहून ठेवावी. काटा महिनाभर अडला की ती वही वाचावी.

काट्यावरही रागावू नये. तो खारट जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, पाळीच्या आधी, लांबच्या प्रवासानंतर किलो-दीड किलो जास्त दाखवतो आणि ते बहुतेक पाणी असतं. आठवड्याचा एक वार, सकाळची एक वेळ ठरवून वजन करावं आणि महिन्याची दिशा बघावी.

मोडण्याचं काय करायचं? 1975 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. खाण्यावर सतत बंधन ठेवणाऱ्या आणि न ठेवणाऱ्या विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला, मग हवं तितकं आइस्क्रीम खायला सांगितलं. बंधन न ठेवणाऱ्या मुली मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खात. बंधन ठेवणाऱ्या मात्र मिल्कशेक पोटात गेल्यावर जास्त खात. आता मोडलंच आहे, तर मोडलंच. आपलं 'सोमवारपासून पुन्हा' यातूनच येतं. बुधवारी दुपारी ऑफिसात खाल्लेल्या दोन सामोशांपायी बुधवारची रात्र, गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि रविवार दिला जातो. सामोशांनी फारसं काही बिघडत नाही, बिघडवतात ते पुढचे चार दिवस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर झालेल्या अभ्यासात एखादी नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही. 21 दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे सांगितलं जातं त्यावर विसंबून चौथ्या आठवड्यात स्वतःला दोष देणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. तुमची सवय आठव्या महिन्यात लागली तरी ती लागलेलीच आहे. सामोशांनंतरचं पुढचं जेवण नेहमीचं जेवावं, भरपाई म्हणून उपाशी राहू नये.

❖

2025 मध्ये मार्च महिन्यात टिर्झेपटाइड हे औषध आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात विक्रीला आलं. आठवड्याला एक इंजेक्शन. पोटातून मेंदूला जाणारा भरल्याचा निरोप ही औषधं ठळक करतात. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी जवळपास 15 टक्के वजन उतरलं. ज्यांनी इंजेक्शन घेतलं ते सांगतात की डोक्यात दिवसभर चालणारा खाण्याचा घोष शांत झाला. मला या औषधांचं मोल इथेच वाटतं: ज्याला लोक इच्छाशक्ती म्हणत होते तो भाग केवढा मोठ्या प्रमाणात शरीरातल्या निरोपांवर ठरतो हे या औषधांनी दाखवून दिलं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होतात. वजनाबरोबर स्नायूही घटतात, म्हणून प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम लागतो. ती विक्रीला आली तेव्हा किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर होती. आणि त्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला 'अजून गोळ्यांवरच का?' असं आपण विचारत नाही, तसंच इथेही विचारू नये. ज्याचं वजन खूप जास्त आहे त्याच्यासाठी औषध किंवा पोटाची शस्त्रक्रिया हा पळवाटीचा रस्ता नाही. डॉक्टर सांगतील तर तो रस्ता धरावा, आणि घराने त्याच्यामागे उभं राहावं.

वजन परत येण्याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही स्पर्धेचं. केव्हिन हॉल यांनी चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं. तीस आठवड्यांत सरासरी 58 किलो उतरले होते, त्यांतले 41 परत आले होते, आणि त्यांची शरीरं अपेक्षेपेक्षा रोज जवळपास पाचशे कॅलरी कमी जाळत होती. कॅमेरे, प्रशिक्षक, बक्षिसाची रक्कम, देशभरच्या टाळ्या, सगळं होतं. ते संपलं तेव्हा घरी दुसरी काही घडी बसलेली नव्हती. त्यांच्यातही ज्यांनी वजन टिकवलं त्यांचं रोजचं हालचालीचं प्रमाण परत चढलेल्यांपेक्षा बरंच जास्त निघालं.

म्हणून टिकवणाऱ्यांकडे पाहावं. 1994 मध्ये रीना विंग आणि जेम्स हिल यांनी अमेरिकेत एक नोंदवही सुरू केली. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तसंच ठेवणाऱ्यांनाच त्यात जागा. दहा हजारांहून अधिक लोक त्यात आले. कुणी स्वतःच्या मनाने उतरवलेलं, कुणी दवाखान्याच्या मदतीने, आहारही तऱ्हेतऱ्हेचे. सारखं होतं ते नंतरचं वागणं: बहुतेक जण रोज तासाच्या आसपास चालत किंवा व्यायाम करत, तीन चतुर्थांश जण आठवड्यातून एकदा तरी वजन बघत, बहुसंख्य टीव्हीसमोर कमी बसत, सुट्टीच्या दिवशी आणि कामाच्या दिवशी सारखंच जेवत. वाचायला हे कंटाळवाणं वाटेल, पण या लोकांनी सरासरी तीस किलो उतरवून पाच वर्षांहून अधिक काळ तसेच ठेवले होते.

या लोकांना संशोधकांनी असंही विचारलं की वजन राखायला किती कष्ट पडतात. जितकी जास्त वर्षं ज्याने राखलं होतं तितके कमी कष्ट त्याला पडत होते. दोन वर्षं ओलांडलेल्यांचं वजन परत चढण्याचा धोका बराच कमी झालेला होता. पहिल्या वर्षातल्या माणसाला हे खरं वाटणार नाही, कारण त्याच्या पोटातली हजार कॅलरींची हाक अजून ताजी असते. तो सहाव्या महिन्यात अडलेला असेल, आणि घरी त्याच्यासाठी अजून कुणी कुकर लावत नसेल, तर ते काम आजपासून कुणीतरी अंगावर घ्यावं.